उबेत अडलेला धागा

या, असे जवळ सरका. मागं देवळाच्या खांबांना टेकलेल्या मंडळींनीही पुढं यावं. सतरंजी मोठी आहे आणि आवाज लहान ठेवायचा आहे. आजची गोष्ट तान्ह्या बाळांची आहे, आणि तान्ह्यांच्या गोष्टी ओरडून सांगू नयेत. काळ अजून आलेला नाही, पण फार लांबचाही नव्हे. तुमची नातवंडं बाशिंग बांधतील त्या सुमाराचा. गोष्टीत राक्षस आहे, पण सुईच्या टोकावर हजारोंनी मावणारा. एक हुशार बाई आहे. आणि एक पाप आहे, तेही एका लहानशा वाक्याचं. मन लावून ऐकलंत तर ही गोष्ट तुमच्याबरोबर घरापर्यंत चालत येईल.

त्या काळी थंडी पडू लागली की धापताप यायचा. मोठ्यांना नुसतं पडसं. तान्ह्यांचा मात्र भाता व्हायचा. छातीचा पिंजरा आत ओढला जायचा, ओठ जांभळे पडायचे. त्यावर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉ. वैजयंता काशीद यांनी औषध काढलं. सुई नाही, रडणं नाही. बाळाच्या नाकात दोन थेंब.

या थेंबांची करामत समजली तर पुढची गोष्ट समजेल, म्हणून थोडं सावकाश घेऊ. विषाणूच्या पोटात एक धागा असतो, त्याला आरएनए म्हणतात. विषाणू आपल्या पेशीत शिरला की त्याचं एक चिमुकलं यंत्र या धाग्यावर बसतं आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकत नकला काढत जातं. त्या नकला म्हणजे हुकूम. हुकूम सुटले की पेशी बिचारी स्वतःचं घरकाम टाकून परक्याचं दळण दळत बसते.

पण धागा काही ताणलेल्या दोरीसारखा सरळ नसतो. प्रथिनांच्या अंगरख्यातून जिथं तो उघडा पडतो, तिथं त्याच्यावरची अक्षरं आपापले जोडीदार शोधतात. जोडीदार सापडला की धागा वळतो, दुमडतो, घडी पडते. सरकत आलेलं यंत्र अशा घडीपाशी अडखळतं. कधी दम खाऊन पुढं जातं, कधी धाग्यावरून घसरून पडतं; आणि पडलं की पुढचे हुकूम लिहायचे राहून जातात. म्हणजे विषाणूचा जोर धाग्यावर काय लिहिलंय एवढ्यावरच ठरत नाही. धागा दुमडलाय कसा, यावरही ठरतो.

वैजयंताबाईंनी इथंच डाव साधला. त्यांनी धापतापाचाच विषाणू घेतला आणि त्याच्या धाग्यात एक नवा तुकडा गुंफला. नाकाच्या गारव्यात हा तुकडा धाग्यातल्याच एका जोडीदाराचा, म्हणू या एका सखीचा, हात धरून रस्त्याच्या कडेला उभा राहतो. यंत्र बिनबोभाट पुढं जातं, विषाणू नाकातल्या नाकात थोडासा वाढतो, आणि बाळाचं शरीर त्याला ओळखायला शिकतं. पण हाच विषाणू खाली छातीत उतरला, की तिथल्या उबेनं पहिल्या सखीचा हात सुटतो. तुकडा दुसऱ्या सखीचा हात धरतो आणि भर रस्त्यात फुगडी मांडतो. यंत्र अडतं. विषाणू तिथंच थिजतो. नाकात शिकवणी, छातीत नाकेबंदी! देवानं शरीरात गारवा आणि ऊब यांची वाटणी करून ठेवली, तिचाच उपयोग बाईंनी करून घेतला. कौतुक करावं तेवढं थोडं.

थेंब थंडीतच द्यायचे होते, म्हणून चाचण्याही थंडीतच झाल्या. पण शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत, स्वच्छ पांढऱ्या खोल्यांत. निकाल उत्तम आले. मग मंजुरीची बैठक बसली. समितीत पेंढरकरबाई नावाच्या वयस्कर बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “गावाकडं बाळंतिणीला शेक देतात, बाळाला धुरी देतात. खोलीत शेगडी असते. नाकातला गारवा राहील का हो तिथं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. वैजयंता हसून म्हणाली, “नाही मॅडम, ते आता कुणी करत नाही.”

झालं. पेंढरकरबाईंनी चष्मा खाली घेतला आणि बैठक पुढं सरकली.

आणि त्याच सकाळी, मोरणेच्या खोऱ्यातल्या नाटोळे गावात, वैजयंताची सख्खी आई कौसाबाई कुणाच्यातरी माजघरात पाय पसरून बसली होती. पायांवर तेल लावलेलं बाळ, बाजूला निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, वेखंड आणि बाळंतशेपा. खोऱ्यातली निम्मी माणसं कौसाबाईच्या पायांवर न्हालेली होती. वैजयंता शाळेत होती तेव्हा बाकावरच्या पोरी नाक धरून म्हणायच्या, “आली गं धुरीवाली!” पुढं पुण्याच्या वसतिगृहात तिनं आई काय करते याचं उत्तर ‘घरीच असते’ असं ठरवून टाकलं. तेच उत्तर त्या दिवशी नवा कोट घालून बैठकीत बोललं. तिला ते खोटंसुद्धा वाटलं नाही, जीभ इतकी सरावली होती.

मंजुरी मिळाली, थेंब गावोगाव पोचले. पौष लागला आणि खोऱ्यातून फोन आला. थेंब घेतलेली बाळं धापतापानं आजारी पडत होती. बरीच वाचली. एक गेलं.

वैजयंता गाडी काढून निघाली. थेंबांची पेटी वाटेत तापली असेल, एवढी एकच आशा होती. पण आरोग्यकेंद्रात पेटीनं स्वतःची नोंद स्वतःच दाखवली. कारखान्यापासून बाळाच्या नाकापर्यंत ती बर्फासारखी गार होती. आणखी एक गोष्ट नर्सबाईंनी सहज सांगितली. “धरणाच्या वसाहतीतल्या पोरांना काय झालं नाही बघा. वाडीवरचीच पडली.”

“तिथं काय वेगळं आहे?”

“वसाहतीत कुठं न्हाऊ घालायला बाई लावत्यात? तुमच्या आई तिकडं जात नाहीत.”

वैजयंतानं हातातला चहा तसाच खाली ठेवला. ती तडक उठली.

कौसाबाई त्या वेळी खालच्या आळीत एका घरी होती. माजघराचं दार लोटलेलं, खिडकीला गोधडी लावलेली. आत पाऊल टाकलं आणि वैजयंताच्या अंगावर ती ओळखीची, जड, गोडसर ऊब आली. कानटोपड्यात बांधलेलं बाळ सुपातल्या दुपट्यावर निजलेलं. नाकाचा शेंडा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल.

“आली माझी डाक्टरीन!” कौसाबाईचे दोन्ही हात तेलानं माखलेले, म्हणून तिनं कोपरानंच लेकीला जवळ ओढलं. “बस. ह्याला कालच तुजं थेंब दिल्यात बग. म्हनलं, थेंबानं गारठा बसंल पोराला, म्हनून आज निखारं दोन जास्तीच घातलं.”

वैजयंतानं पिशवीतून घडीदर्शक काढला. काडेपेटीएवढं ते यंत्र. बाळाच्या नाकातून कापसाची काडी फिरवून त्यात घातली, की आतला धागा कसा दुमडलाय त्याचं चित्र दिसायचं. चित्र उमटलं. तुकड्यानं सखीचा हात सोडलेला होता. भर रस्त्यात, नाकातच, फुगडी मांडलेली होती. थेंबांतला विषाणू पहिल्या पायरीवरच थिजला होता. बाळाचं शरीर काहीही शिकणार नव्हतं. नाकातल्या त्या दोन थेंबांत आणि साध्या पाण्यात फरक उरला नव्हता.

“काय दिसतंय गं?” कौसाबाईनं मान पुढं केली. “छान रंगीत हाय की!”

“आई, गेलेलं बाळ कुणाचं?”

“सानिकाचं. म्होरल्या वाडीची.” कौसाबाईचा आवाज एकदम खाली आला. “मीच न्हाऊ घालत हुते की त्याला. लई गोड. पाय वडले की हसायचं.”

वैजयंता बाहेर आली आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसून राहिली. थेंबांनी बाळ मारलं नव्हतं, शेकानंही नाही. दोन्ही चांगलेच होते. पण दोघांच्या मधे उभं राहून ‘जरा थांबा’ म्हणायचं काम जिचं होतं, ती म्हणाली होती, ते आता कुणी करत नाही.

तिनं तिथूनच प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, इनामदारसरांना, फोन लावला. सगळं सांगितलं.

“हे बघ वैजयंता, तू आत्ता दमली आहेस,” ते म्हणाले. “एका बाळाच्या नाकावरून निष्कर्ष काढू नकोस. सध्या ‘कारण तपासत आहोत’ एवढंच राहू दे. उन्हाळा आला की धापताप आपोआप ओसरतो. पुढच्या थंडीआधी सावकाश सूचना बदलू.”

“आणि या थंडीतली बाळं, सर?”

“तू सगळं सांगायला गेलीस तर लोक थेंबच सोडून देतील. मग जास्त जातील. आणि तुझी आईच ते काम करते म्हणतेस. गाव तिला काय म्हणेल, याचा विचार केलास?”

तिनं केला होता. मनुष्याच्या मनाची गंमत अशी, की लपायला जागा हवी असली की ते सगळ्यात पवित्र वस्तूच्या मागं लपतं. आईचं नाव राखायचं आहे, असं तिला क्षणभर मनापासून वाटलं. बरंही वाटलं. मग स्वतःचीच किळस आली. आईचं नाव घ्यायची लाज वाटली म्हणूनच तर हे घडलं होतं!

दुपारी जेवायला बसल्यावर तिनं आईला सांगितलं. घडी, गारवा, फुगडी, सगळं. कौसाबाई भाकरी थापता थापता ऐकत होती. फुगडीपाशी तिचा हात थांबला.

“म्हंजी ते पोर माज्या शेगडीनं गेलं?”

“नाही आई. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.”

“मग सांगितलं का न्हाईस? तुला तर सगळं ठावं. तू सोता त्या सुपात निजलीस.”

वैजयंतानं ताटावरची मान वर केली नाही. “बैठकीत विचारलं होतं मला. गावाकडं अजून शेक देतात का म्हणून.”

“मग?”

“मी म्हणाले, ते आता कुणी करत नाही.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. कौसाबाईनं ती उलटली नाही.

“कुनी करत न्हाई,” ती हळूच म्हणाली. “मग मी कोन हुते गं, वैजू? ह्या हातांनी तुजी फी भरली. मी कोनीच न्हवते व्हय?”

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. कौसाबाई उठली, करपलेली भाकरी गाईसाठी बाजूला ठेवली आणि पाठ करून दुसरी थापायला बसली. ती रडतेय हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं, पण आवाज तिनं होऊ दिला नाही. भाकरीवर दोनदा हात फिरवल्यावर ती म्हणाली, “आज दत्ताच्या देवळात कीर्तन हाय. खोऱ्यातल्या समद्या लेकुरवाळ्या येत्यात. तिथं सांग.”

“तुझं नाव निघेल, आई.”

“निगू दे की. एवडी वरसं कुटं निगालं हुतं?”

नाटोळ्याच्या दत्ताला पौषातल्या गुरुवारी संध्याकाळी कीर्तन असतं, आणि कीर्तनाच्या मधे नवी बाळं देवाच्या पाळण्याला लावून घ्यायची रीत आहे. पूर्वरंग संपला. झांजेचा शेवटचा ठोका हवेत विरतो तेव्हा देवळात कशी एक शांतता येते. रागावलेलं मनसुद्धा त्या शांततेत खाली बसतं. नारायणबुवांच्या कानावर कौसाबाईनं आधीच घातलं होतं. बुवांनी उपरणं सावरलं आणि म्हणाले, “मंडळी, बुक्का लावून घ्या. उत्तररंगाआधी आपल्या गावची लेक दोन शब्द बोलणार आहे. आडवं लावू नका, उभं ऐका.” म्हणजे फाटे न फोडता ऐका. बाया हसल्या.

वैजयंता उभी राहिली तेव्हा हसू ओसरलं. तिनं भाषण केलं नाही. धागा कसा दुमडतो ते तिनं स्वतःच्या पदराची घडी घालून दाखवलं. थेंब घेतल्यावर पंधरवडाभर बाळाच्या खोलीत शेगडी नको, धुरी नको, नाक उघडं आणि गार राहू द्या. अंग झाका, पाय झाका, आईच्या कुशीत घ्या. पंधरवडा सरला की हवा तेवढा शेक द्या. ज्यांचे थेंब उबेत वाया गेले, त्यांना उद्यापासून पुन्हा मिळतील. तशी विनंती तिनं पेंढरकरबाईंना फोन करून, खरं काय ते कबूल करून, दुपारीच केली होती. बाईंनी होकार दिला होता, आणि वर एवढंच म्हणाल्या होत्या, “मीही दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं.”

मग तिनं बैठकीतलं आपलं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं.

“मला शेक ठाऊक होता. मी त्याच उबेत वाढले. लाज वाटली म्हणून नाही म्हणाले. माझ्या आईची यात चूक नाही. तिला कुणी विचारलंच नाही. माझ्यामुळं या थंडीत बाळं आजारी पडली आणि एक बाळ दगावलं.”

बायकांच्या बाजूनं आवाज आला, “एक बाळ न्हाई.”

सगळ्या माना वळल्या. भिंतीशी सानिका उभी होती. विशी-बाविशीची पोर, अंगावर शाल घट्ट ओढलेली.

“दवाखान्यात म्हनले एक बाळ. टीव्हीवर म्हनले एक बाळ. तुमी बी तेच म्हनताय.” तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “त्याला नाव हुतं. कृष्णात. आमच्या आजेसासऱ्याचं नाव ठेवलं हुतं.”

सानिकानं शाल आणखी घट्ट ओढली.

“एकच विचारते, डाक्टरबाई. खरं सांगा. तवा शेगडी इजवली असती, तर जगलं असतं माजं लेकरू?”

देऊळभर माणसं होती आणि पणतीची वात चुरचुरलेली ऐकू येत होती. खोटं बोलायला हीच जागा, हीच वेळ होती. ‘सांगता येत नाही’ म्हणायचं. कुणी दोष दिला नसता, कदाचित ते दयाळूपणाचंही ठरलं असतं. वैजयंतानं सानिकाकडं पाहिलं.

“बहुतेक जगलं असतं,” ती म्हणाली.

सानिकानं डोळे मिटले. क्षमा केली, असं मी सांगणार नाही. देवळात बसून खोटं कसं सांगू? ती पुढं आली नाही, वैजयंताच्या गळ्यात पडली नाही. भिंतीला धरून हळूहळू खाली बसली, एवढंच. आणि बायकांच्या घोळक्यातून कौसाबाई उठली, तिच्याशेजारी जाऊन टेकली. सानिकानं आधी अंग आखडून घेतलं. मग कधीतरी तिचं डोकं त्या म्हातारीच्या खांद्यावर कललं.

नारायणबुवा अनुभवी माणूस. त्या दिवशी उत्तररंगाचं आख्यान त्यांनी लावलंच नाही. झांज उचलली आणि नुसतं नामस्मरण धरलं, अगदी खालच्या पट्टीत. देऊळभर बाया-बापडे त्यात मिसळले. वैजयंताला नाम घेववेना. ती हात जोडून उभी राहिली, आणि देवाकडं काही मागायची आज आपली योग्यता नाही, हे तिला पुरतं कळलं.

त्या थंडीत खोऱ्यात पुन्हा एकही बाळ गेलं नाही. वैजयंतानं समितीपुढं लेखी सगळं दिलं आणि थेंबांच्या शोधाचा तिला मिळालेला मान काढून घेतला गेला. तो तिनं परत मागितलाही नाही. थेंब राहिले, सूचना बदलली. पुढं ती गावोगाव नर्सबायांना शिकवत हिंडू लागली, कधी कौसाबाईही बरोबर असायची आणि मधेच टोमणा मारायची, “माजं कुनी ऐकत न्हाई, ही म्हनती तसं करा.” मायलेकींत सगळं पहिल्यासारखं झालं नाही. थोडं वेगळं झालं, आणि त्या वेगळ्यातच दोघी राहू लागल्या. शिकवताना वैजयंता ‘एक बाळ’ असं पुन्हा कधी म्हणाली नाही. ती नाव घ्यायची, त्याच्या गावाचं नाव घ्यायची, आणि पाय ओढले की तो हसायचा, हेही सांगायची.

तर श्रोतेहो, आता उठायच्या आधी माझं एक मागणं आहे. वैजयंताबाई हुशार होती, ती लक्षात राहीलच. कौसाबाईला तर मी विसरा म्हटलं तरी तुम्ही विसरणार नाही. पण हा तिसरा फार लहान होता. त्याला घराबाहेर फारसं कुणी पाहिलं नाही. तुमच्या घरी कधी बाळाच्या नाकात औषध पडेल, बाळ तोंड वाकडं करून रडेल आणि तुम्ही त्याला उचलून छातीशी घ्याल, तेव्हा घटकाभर त्याची आठवण काढा. कृष्णात त्याचं नाव. म्होरल्या वाडीचा, सानिकाचा कृष्णात.